बिरदेवाचा मुंबईचा बेत

लग्न होऊन अंथुर्ण्याला आल्यावर सारजानं पहिले काही दिवस सासऱ्याचं तोंड धड पाहिलंच नव्हतं. पदराच्या आडून दिसायचे ते त्याचे पाय. रुंद, भेगाळलेले, जाड वहाणांतले. मग एका तिन्हीसांजेला मेंढरं रानातून परतली आणि तिनं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. बिरदेव मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी काठी टेकून उभा होता. मेंढरं त्याच्या गुडघ्यांना घासत आत शिरत होती, धुळीचा लोट उठला होता, आणि तो नुसता बघत होता. सगळी आत गेल्यावर म्हणाला, "काळ्या कानाची न्हाय आली," आणि उलट पावली अंधारात निघून गेला. परतला तेव्हा काळ्या कानाची त्याच्या खांद्यावर होती.

सारजानं सासूला हळूच विचारलं, "आत्याबाई, किती मेंढरं हायती आपली?"

म्हाळसानं तिच्या तोंडावर हातच ठेवला. "पुन्यांदा इचारू नगंस. जितराब मोजत न्हाईत. मोजलं की घटतं. वळखायचं."

त्या वर्षी दिवाळी सरल्यावर कळप कोकणात निघाला, तशी सारजाही निघाली. बिरदेव आणि इतर गडी मेंढरं घेऊन रानारानानं येत. म्हाळसा आणि सारजा पहाटेच घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं जात. तवा, पीठ, कोंबड्या, नुकती व्यालेली कोकरं, सगळं त्या घोड्यावर. पुढच्या मुक्कामाचं गाव विचारत विचारत त्या दोघी पोचायच्या, पाणी शोधायच्या, तीन दगड मांडून चूल पेटवायच्या. दिवस मावळता कळप यायचा तेव्हा भाकरी तयार असायची. सारजाला वाटायचं, या माणसाला भीती म्हणून ठाऊक नसावी. घाटात एकदा लांडगा कळपाला भिडला, तर बिरदेव नुसती काठी घेऊन त्याच्या अंगावर गेला होता.

पण पुढं कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, कुरणं नांगराखाली गेली, एका पावसाळ्यात रोगानं अर्धा कळप नेला. उरलेला बिरदेवानं विकला आणि पाटाच्या पाण्यावर वांगी-मिरच्या लावू लागला. मेंढरं गेली त्या दिवशी तो जेवला नाही. त्यापलीकडं कुणी काही पाहिलं नाही.

सन छत्तीसच्या आसपासची गोष्ट. म्हाळसाचा उजवा डोळा निकामी झाला. बारामतीला डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात डोळे तपासले आणि सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हे, कापून निघायचा नाही. दुसऱ्या डोळ्याचंही वर्षा-दोन वर्षांचंच बघा. बैलगाडीत तिला मध्ये बसवून बिरदेव आणि सारजा घरी परतली. उतरताना म्हाळसाच म्हणाली, "इतकी वरसं कोकणात गेलो. समिंदर एका डोंगरापलीकडं व्हता. मेंढरं टाकून बघाया जाता आलं न्हाय. आता मेंढरं न्हाईत. दिसतंय तवर मला समिंदर दावा. आन् मुंबई बी. राणीच्या बागंत हत्ती हाय म्हंत्यात."

बिरदेव "व्हय" म्हणाला. आणि त्या "व्हय"नंतर त्याची झोप गेली.

सारजाला ते कळत होतं. एरवी खाटेवर पाठ टेकताच घोरणारा माणूस आता अंगणात बसून राही. तो मुंबईचा बेत आखत होता, आणि बेत आखण्याची त्याला एकच रीत ठाऊक होती. कळप हलवण्याआधी एक जाणता गडी पुढं जाऊन वाट बघून येतो: पाणी कुठं, काटवण कुठं, कुठला पाटील मारकुटा. मुंबईची वाट बघून यायला पैसा नव्हता. म्हणून जो जो मुंबईला जाऊन आला होता त्याच्या दारात बिरदेव जाऊन बसू लागला. वडगाव निंबाळकरला एक गिरणीकामगार सुटीवर आल्याचं कळलं तर तिकडंही चालत गेला. प्रत्येकाला एकच विचारायचा, "तितं माणूस हरवतं कसं?"

आणि लोक सांगायचे! मुंबईची मौज सांगायला कुणाला वेळ नसतो, भय सांगायला सगळे मोकळे. कुणी म्हणालं, ट्राम पाय कापून नेते आणि माणसाला चार पावलं पुढं गेल्यावर कळतं. कुणी म्हणालं, गोड बोलून चहा पाजतात आणि जाग येते ती उघड्या गटारापाशी. प्रत्येक गोष्ट घेऊन बिरदेव घरी येई आणि म्हाळसाला न सांगता जेवणाच्या पाटावर ती मनातल्या मनात चघळत बसे. सारजा भाकरी वाढताना त्याच्या तोंडाकडं बघून ओळखायची, आज आणखी एक भर पडली.

अखेर बारामतीच्या मोहनरावांनी त्याला ताळ्यावर आणलं. मोहनराव भाजीचे आडते, महिन्यातनं एकदा मुंबईला जाणारे. ते हसून म्हणाले, "तात्या, लांडग्याला काठी दाखवणारा माणूस तू. मुंबई तुला खाईल व्हय?"

"लांडगा येताना दिसतो, मोहनराव," बिरदेव म्हणाला. "तितं काय येतंय त्ये दिसत न्हाय म्हंत्यात. आन् तिला तर आदीच दिसत न्हाय."

मोहनरावांचं हसू थांबलं. त्यांनी मग नीट बसवून सगळं सांगितलं. भायखळ्याला भाजीबाजाराच्या मागं त्यांच्या ओळखीच्या माणसाची खोली होती, तिथं उतरायचं. पैसे कनवटीला, खिशात नाही. ट्राम पुरती थांबल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही. रस्ता ओलांडताना पळायचं नाही. गर्दीचा रविवार टाळायचा. हे शेवटचं मात्र जमणार नव्हतं, कारण कालव्याच्या पाण्याची पाळी सांभाळून जायचं तर मध्ये रविवार येतच होता.

बरोबर येणार होते शेजारचा माळ्याचा रावजी आणि त्याची बायको ठमाबाई. सारजाचा नवरा सोपान पाणी धरायला घरी राहणार होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी बिरदेवानं सगळ्यांना अंगणात बसवलं आणि कळपाचे कायदे सांगितले. पुढं तो स्वतः, शेवटी रावजी, बाया मध्ये. सारजानं म्हाळसाचा हात सोडायचा नाही. रोज सकाळी दिवसाची वाट तो सांगेल, ती सगळ्यांनी म्हणून दाखवायची. आणि कुणी चुकलंच, तर सैरावैरा हिंडायचं नाही. शेवटी जिथं बूड टेकून बसलो होतो तिथं परत जाऊन बसायचं.

"चुकलेलं मेंढरू मागल्या मुक्कामाला परत येतं," तो म्हणाला. "तितंच घावतं."

मग त्यानं वाटीत कालवलेली काव पुढं केली. मेंढरांच्या पाठीवर ओढतात तशी एकेक तांबडी रेघ प्रत्येकाच्या पाठीवर ओढायची होती.

ठमाबाई ताडकन उठली. "आगं बया! नवं लुगडं हाय माजं! आमी काय मेंढरं हाव?"

"मेंढरापरीस वाईट," रावजी म्हणाला. "मेंढरू हाकंला ओ देतं. तू कवा दिलीस?"

"तुमी हाक कवा मारली? वरडताच निस्तं."

सगळे हसले. बिरदेव हसला नाही. वाटी हातात धरून तो बोटानं काव ढवळतच राहिला, पुन्हा पुन्हा. सारजा त्या बोटाकडं बघत राहिली. लांडग्याला न भिणारा माणूस भितो, तेव्हा पुढं काय वाढून ठेवलंय?

म्हाळसा पाठ वळवून त्याच्यापुढं बसली. "वडा माज्या पाठीवर. मला तरी कुटं दिसणार हाय ती?"

बारामतीहून छोट्या गाडीनं दौंड आणि दौंडाहून मोठ्या गाडीनं मुंबई. रात्रभर बिरदेव दाराशी काठी घेऊन बसला. बोरीबंदरला उतरल्यावर माणसांचा लोंढा अंगावर आला. म्हाळसाचा हात सारजानं एवढा आवळून धरला की म्हातारी म्हणाली, "आगं, बांगड्या पिचतील."

रावजीला मात्र ऊत आला होता. खांबाला टेकून त्यानं बोट नाचवलं, "एक, दोन, तीन, चार, पाच! तात्या, कळप पुरा हाय बगा!"

बिरदेवाचा चेहरा राखेसारखा झाला. "मोजलंस?" एवढंच तो म्हणाला. रावजीनं जीभ चावली. मग सगळी भायखळ्याच्या खोलीवर गेली.

दुसरा दिवस रविवारचा. सकाळी खोलीत बिरदेवानं वाट सांगितली: आधी राणीची बाग, तिथं भाकरी खायची, तिथून ट्रामनं चौपाटी, दिवस बुडायच्या आत समुद्र बघायचा, मग परत. सगळ्यांनी म्हणून दाखवलं. म्हाळसानं सगळ्यात मोठ्यानं म्हटलं.

बागेत म्हाळसानं हत्ती पाहिला. एका डोळ्यानं, मान वाकडी करून, खूप वेळ. "किती गरीब हाय," ती म्हणाली. वाघाच्या पिंजऱ्यापाशी बिरदेव थांबला नाही, तो वाघाकडं न बघता माणसांकडं बघत होता. मोठ्या झाडाखाली त्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. त्या अर्ध्या घटकेत सारजाला वाटलं, उगाच भ्यालो आपण. सावली होती, वारा होता, ठमाबाई माकडांना नावं ठेवत होती.

बाहेर ट्रामपाशी घात झाला. रविवारची गर्दी एकदम दारातून फुटून बाहेर आली. ट्राम थांबली. बिरदेव पुढं चढला, ठमाबाई चढली. सारजाच्या काखेतलं गाठोडं घसरलं, ते सावरायला तिनं हात सोडला, आणि मागच्या रेट्यानं ती आत ढकलली गेली. मागून रावजीही रेटला गेला. ट्राम हलली. सारजानं वळून हात चाचपला. हाताला लागला तो भलत्याच माणसाचा कोट.

"आत्याबाई!"

पुढच्या थांब्यावर उतरून चौघे धावत मागं आले. थांब्यावर माणसं होती, म्हाळसा नव्हती. सारजा दिसेल त्या लुगड्यामागं धावली. वर्षा-दोन वर्षांनी जाणारा डोळा, तोही एकच. चहू बाजूंनी घोडागाड्या, मोटारी, ट्रामच्या घंटा. आणि हात तिनंच सोडला होता. तिला वाटलं, आता सासरा आपल्याला काहीतरी बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. बिरदेव तिच्याकडं बघतही नव्हता.

"झाडाखाली आसंल," तो म्हणाला. "मागल्या मुक्कामाला."

झाडाखाली म्हाळसा नव्हती. भाकरीचे तुकडे होते, त्यावर कावळे बसले होते.

"यील," बिरदेव म्हणाला आणि तिथंच खाली बसला. "हालायचं न्हाय. आपुन हाललो तर तिनं कुटं याचं?"

ते बसले. ऊन झाडाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. रावजी दोनदा बाग पालथी घालून आला. तिसऱ्यांदा एका पोलिसाला घेऊन आला. पोलीस समजूतदार होता. चौक्यांवर कळवतो म्हणाला, आणि विचारलं, बाई दिसायला कशी?

बिरदेव उठून उभा राहिला. मेंढराच्या कानावरून त्याची आई सांगणारा माणूस, बायकोचं तोंड कसं ते त्याला सांगता येईना. "डावा पाय जरा आखडून चालती," तो शेवटी म्हणाला. "पाठीवर काव हाय. आन् मान आशी वाकडी करून बगती." त्यानं स्वतः मान वाकडी करून दाखवली आणि तशीच ठेवली.

रावजी पलीकडं तोंड करून उभा राहिला. "तात्या, माज्यामुळं झालं. मी मोजलं."

उन्हं पिवळी झाली. बागेचा रखवालदार घंटा वाजवत फिरू लागला, बाग बंद व्हायची वेळ आली होती. "मी न्हाय उठायचा," बिरदेव म्हणाला. "ती हितं यील आन् मी नसंन तर?" त्यानं झाडाचं मूळ धरलं होतं.

सारजा त्या हाताकडं बघत होती. चुकलेलं मेंढरू मागल्या मुक्कामाला येतं. खरं होतं. तिनं स्वतः पाहिलं होतं. पण म्हाळसा मेंढरांत कधी चालली होती? सारजाच्या डोळ्यांपुढं एकदम घाटाच्या पायथ्याची वाट उभी राहिली. तिच्या पहिल्याच खेपेला धुक्यात घोडं चुकलं होतं आणि ती रडत मागं फिरायला लागली होती. तेव्हा म्हाळसानं लगाम धरून तिला दरडावलं होतं: मागं काय हाय? इझलेली चूल. बाईनं मागं वळायचं न्हाय. मुक्कामाचं नाव इचारत म्होरं जायाचं. गडी येत्यातच मागनं.

सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. दहा-बारा वर्षांत ती बोलली नव्हती. ती ठमाबाईकडं वळून म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, आत्याबाई हितं याच्या न्हाईत." मग ठमाबाई तोंड उघडायच्या आतच ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मामंजी, उठा. आत्याबाई मेंढरासंगं कवा चालल्या? घोडं घिऊन आमी म्होरंच जायाचो. त्या मागल्या मुक्कामाला कशापायी येतील? म्होरल्या मुक्कामाला गेल्या आसतील. सकाळी तुमीच न्हाय का सांगितलं? चौपाटी!"

बिरदेव तिच्या तोंडाकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानंही सुनेचं तोंड नीट पाहिलं असेल. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की सारजाला ते बघवेना. तीस वर्षं जिच्या हातची भाकरी मुक्कामाला तयार मिळाली, ती तिथं आधी कशी पोचते, हे त्याच्या कायद्यात बसलंच नव्हतं. तो उठला आणि पळत सुटला.

ट्राम चौपाटीला पोचेपर्यंत अंधारलं होतं. सारजाला आता आपल्याच बोलण्याची भीती वाटत होती. नसली तर? बागेच्या दाराशी म्हातारी येऊन बसली असली तर? दिवे लागले होते, वाळूवर माणसंच माणसं, आणि पलीकडं काळोखात काहीतरी अजस्र मोठं श्वास घेत होतं. दोन्ही हात तोंडाशी नेत बिरदेव माणसांतून पुढं पुढं गेला. कळपाला घालायची ती लांब हाळी अखेर त्याच्या तोंडून निघाली. लोक वळून बघायला लागले, कुणी हसलं.

डाव्या अंगानं, वाळूतनं, उत्तर आलं. "आवं, हितं! वरडू नगा, लोक हासत्यात."

म्हाळसा पाण्यापासून बेतानं अंतर ठेवून बसली होती. लुगड्याचा काठ ओला होता. तिच्याशेजारी एक कोळीण रिकामी पाटी उपडी करून बसली होती आणि विडा लावत होती.

"लई उशीर क्येला," म्हाळसा म्हणाली. "ह्या बाईच्या पाटीच्या वासामागनं आले. कोकणातला वास. चालतच आले, त्या घंटावाल्या गाडीपरीस ब्येस. इचारलं की सांगत्यात लोक, मराठीच बोलत्यात."

सारजा तिच्या गळ्यात पडून रडली. ठमाबाई रडली. रावजीनं कोळणीचे पाय धरले, ती "अरे, काय करतोस!" म्हणून मागं सरकली. बिरदेव उभाच होता. मग तो खाली बसला, म्हाळसाच्या पाठीमागं, आणि तिच्या पाठीवरच्या कावेच्या रेघेवर तळवा ठेवून राहिला.

"बगितला का?" त्यानं विचारलं.

"बगितला की. उन्हात. सोन्यावानी." तिनं मान मागं वळवली. "तुमी न्हाय बगितला?"

अंधारात फक्त फेसाची पांढरी ओळ येत होती आणि पुसली जात होती.

"न्हाय," बिरदेव म्हणाला. "मी झाडाखाली बसलो व्हतो."

"उद्या बगू."

दुसऱ्या दिवशी मात्र तो कुणालाही खोलीबाहेर काढायला तयार नव्हता. म्हाळसानं, सारजानं, अगदी रावजीनंही सांगून पाहिलं. तो दाराशी बसून राहिला आणि दुपारच्या गाडीनं सगळ्यांना घेऊन निघाला. गाडी दौंडाला थांबेपर्यंत त्यानं म्हाळसाचा पदर मुठीतून सोडला नाही.

त्या खेपेनंतर सारजा सासऱ्याशी समोरासमोर बोलते. गावात थोडी कुजबूज झाली, मग थांबली. म्हाळसाचा दुसरा डोळा पुढच्या उन्हाळ्यात गेला. तिला कुणी मुंबईबद्दल विचारलं तर ती उन्हातला समुद्र नीट सांगते, रंगासकट. बिरदेव तेव्हा बाजूला बसून ऐकतो.

तो पुन्हा मुंबईला गेला नाही. सध्या अंथुर्ण्याच्या मळ्यात वांगी करतो, दर गुरुवारी बारामतीच्या बाजाराला जातो आणि दिवस मावळायच्या आत घरी येतो.